आई-बाबांच्या फेऱ्यांच्या तारखा: शिक्का नाही म्हणजे नोंद नाही, असं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा खानापूर तालुक्यातले, २०१९ साली ग्रीन कार्डावर तुमच्याकडं न्यू जर्सीला आले. दर हिवाळ्यात गावी येतात. आता नागरिकत्वासाठी एन-४०० हा अर्ज भरायचा आहे आणि त्यात गेल्या ५ वर्षांतल्या अमेरिकेबाहेरच्या सगळ्या फेऱ्या तारखेनिशी मागितल्या आहेत. पासपोर्टवर अमेरिकेचे शिक्के जवळजवळ नाहीत, बाबांचा एक जुना पासपोर्ट गावच्या कपाटात आहे. त्यातच २०२३च्या दिवाळीला आलेले बाबा मांडीचं हाड मोडल्यामुळं थेट पुढच्या जूनमध्ये परतले, आई मात्र तुमच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आधीच अमेरिकेला परत गेली. तेव्हा अंदाजे तारखा टाकल्या तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगावात टिळकवाडीत २३ वर्षं तिकिटांचं आणि परदेशी कागदपत्रांचं काम करते. मुलं तिकडं आणि आई-वडील इकडं-तिकडं, अशी घरं आमच्या भागात आता गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या फेऱ्यांच्या याद्या जुळवण्यात माझी वर्षं गेली. मी वकील नाही. जिथं वकील लागेल तिथं तसं स्पष्ट सांगते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक, तारखा आठवत नाहीत. दुसरी, बाबांचा एक मुक्काम फार लांबला. पहिलीवर उपाय आहे, फक्त चिकाटी लागते. दुसरीला तारीख शोधून उपाय सापडत नाही, उलट तारीख नेमकी कळली की ती अडचण जास्त ठळक दिसते. लोक इथंच घाबरतात आणि अंदाजाच्या तारखांमागं लपायला बघतात. कृपा करून तसं करू नका. कारण सांगते.

अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारतच नाहीत. आत येताना ग्रीन कार्डवाल्यांना बऱ्याचदा शिक्क्याशिवायच सोडतात. म्हणून आपल्याला वाटतं की त्यांच्याकडं काही नोंद नसेल. पण विमान कंपन्या प्रत्येक उड्डाणाची प्रवासी यादी अमेरिकन सरकारला पाठवतात, जातानाची आणि येतानाचीही. नागरिकत्वाची मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला ही माहिती बघता येते. माझ्याकडं एक कुटुंब आलं होतं, त्यांनी चारही फेऱ्या '१ नोव्हेंबर ते १ एप्रिल' अशा भरल्या होत्या. मुलाखतीत साहेबानं एकेक फेरी काढून विचारली आणि बिचाऱ्या म्हाताऱ्या माणसाला घाम फुटला. खोटं बोलायचा कुणाचाच हेतू नव्हता, पण कागदावर सही त्यांची होती.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी करायचं ते म्हणजे अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन खात्याकडं (विमानतळावर, सीमेवर तपासणी करणारं खातं) तिकडच्या माहितीच्या अधिकाराखाली दोघांच्याही प्रवासाच्या नोंदी मागवणं. दोघांसाठी दोन वेगळे अर्ज. त्याला वेळ लागतो, म्हणून तो पहिल्या दिवशी टाकायचा आणि मग बाकीचं बघायचं. आय-९४च्या (अमेरिकेत आल्या-गेल्याच्या नोंदीच्या) संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास बघायची सोय आहे, तीही उघडून बघा. ती मुळात व्हिसावर येणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळं ग्रीन कार्डवाल्यांच्या यादीत मला अनेकदा मधल्या फेऱ्या गायब दिसल्यात. जे मिळेल ते एक साक्षीदार समजा, अंतिम निकाल समजू नका.

माझा नियम असा की प्रत्येक फेरीला दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत. त्यातला एक बहुतेक वेळा भारताचा शिक्का असतो, कारण आपल्या विमानतळांवर सहसा जातायेता दोन्ही वेळा शिक्का बसतो. आई-बाबा अजून भारतीय पासपोर्टवर आहेत, म्हणजे अर्धं काम त्या पानांवरच झालेलं आहे. पानन् पान उघडा. कोरी दिसणारी पानंही बघा, कारण अधिकारी शिक्का कुठल्याही पानावर मारतात, कधी आधीच्या शिक्क्यावरसुद्धा. पुसट शिक्का खिडकीजवळ उजेडात तिरका धरला की अक्षरं दिसायला लागतात.

आता इथं एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, म्हणून थोडं थांबते. फॉर्म विचारतो अमेरिका कधी सोडली आणि अमेरिकेत कधी परत आलात. भारतात कधी उतरलात ते विचारत नाही. शिक्का मात्र भारतात उतरल्याचा असतो. या दोन तारखांत एक दिवसाचा, कधी दोन दिवसांचा फरक पडतो.

उचगावच्या एका आज्जींचं उदाहरण देते. पासपोर्टवर मुंबईचा २०२२च्या सप्टेंबरचा शिक्का होता, पण आकडा १ की ७ ते कळेना. शाई पसरलेली. मुलगा फोनवर तिकडून म्हणे ७च असेल. आज्जी टेबलापलीकडं चहाचा कप धरून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "गौरी आणायच्या आदल्या रातीला घरात आलो बग मी. सुनेनं मुखवटे पुसून ठेवलेले." मी २०२२चं कॅलेंडर काढलं. गौरी आवाहन ३ सप्टेंबरला होतं. म्हणजे घरी पोचल्या २ तारखेच्या रात्री, आणि मध्ये एक रात्र ठाण्याला लेकीकडं थांबल्या होत्या. शिक्का १ तारखेचाच. मग विमान कुठलं ते विचारलं. दुबईमार्गे आल्या होत्या आणि मुंबईत पहाटे उतरल्या होत्या. मागं मोजत गेलं की अमेरिका सोडल्याची तारीख निघते ३० ऑगस्ट २०२२, रात्रीची. नंतर त्यांच्या पोथीत खूण म्हणून ठेवलेला बोर्डिंग पास सापडला, त्यावरही ३० ऑगस्टच. फॉर्मवर ३० ऑगस्ट गेली. परत जाताना उलटा प्रकार होतो. मुंबईहून पहाटे निघालेलं माणूस त्याच तारखेला दुपारी न्यूअर्कला उतरतं, पण रात्री पावणेबाराला इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहिलं असेल तर भारताचा शिक्का आदल्या तारखेचा असतो. आज्जी १० फेब्रुवारी २०२३ला अमेरिकेत परत पोचल्या. जायचा आणि यायचा दिवस अमेरिकेतला धरतात, म्हणून बाहेरचे दिवस भरले १६३.

आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी तारखा आठवत नाहीत, पण गावची लक्ष्मी यात्रा, भाताची कापणी, कुणाचं दिवसकार्य, कुणाची हळद हे पक्कं आठवतं. त्यांना 'तारीख सांगा' म्हणून दटावू नका. 'आलात तेव्हा घरात काय चाललं होतं' असं विचारा. सणांच्या तारखा दर वर्षी सरकतात, आणि तेच आपल्या उपयोगी पडतं. गुढीपाडवा २०२३ला २२ मार्चला होता आणि २०२४ला ९ एप्रिलला. 'पाडव्याला गुढी इथंच उभारली' एवढ्या एका वाक्यानं, वर्ष माहीत असेल तर, त्या तारखेला ते इथं होते हे ठरवता येतं. पण आठवण ही साक्षीदार म्हणून घ्यायची, तिच्या जोडीला कागद हवाच.

कागद कुठले? ई-तिकीट, पण जपून. तिकीट म्हणजे ठरवलेला प्रवास, झालेला नव्हे. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका काकांची यादी नुसत्या तिकिटांवरून करून दिली होती. विमान कंपनीनं एक उड्डाण दोन दिवस पुढं ढकललं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि मुलाखतीत ती तारीख त्यांना दुरुस्त करावी लागली. तेव्हापासून तिकिटाच्या ईमेलबरोबर बदलाचे ईमेलही मागते. विमान कंपनीच्या मैलांच्या खात्यात झालेलेच प्रवास जमा होतात, ते तिकिटापेक्षा भरवशाचं. बाबा पेन्शनर असतील तर नोव्हेंबरमध्ये बँकेत दिलेला हयातीचा दाखला बघा, त्यावरून त्या दिवशी ते इथं होते हे सिद्ध होतं. लग्नातले फोनमधले फोटो तारीख-वेळेसकट असतात. दवाखान्याची बिलं, पासबुकातली पैसे काढल्याची नोंद, हे सगळं चालतं.

शिक्क्यानं कधीच न सापडणारी एक फेरी असते, ती म्हणजे नायगारा. तुम्ही आई-बाबांना गाडीनं घेऊन गेलात, कॅनडाच्या बाजूनं धबधबा बघितला, टोरांटोत दोन रात्री ओळखीच्यांकडं राहिलात आणि परत आलात. ग्रीन कार्डधारकाला कॅनडासाठी व्हिसा लागत नाही, रस्त्यानं गेल्यावर शिक्का बहुधा नसतो, आणि घरात कुणी त्याला परदेश धरत नाही. पण २४ तासांपेक्षा जास्त झाली की ती फेरीही लिहायची. समुद्रातल्या क्रूझचंही तेच. सकाळी जाऊन संध्याकाळी आलात तर सोडून द्या, तशा फेऱ्या फॉर्मच वगळतो. दुबईत विमान बदललं तर तो देश लिहायची गरज नाही, पण मावशीकडं तीन दिवस राहिलात तर लिहायचा.

आणि आई-बाबांच्या याद्या वेगळ्या ठेवा. बाबांची करून आईची चिकटवली, हे मी इतक्यांदा बघितलंय. तुमच्याच घरात २०२४ला आई आधी गेली. तिचा मुक्काम १८० दिवसांच्या आत असेल तर तिचा अर्ज सरळ आहे आणि बाबांचा नाही. दोघांनी एकत्रच अर्ज करायला पाहिजे असा काही नियम नाही.

तारीख लिहिण्याची पद्धत किरकोळ वाटते, पण ती फार मोठा घोटाळा करू शकते. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. समजा बाबा ६ नोव्हेंबर २०२३ला निघाले आणि १२ जून २०२४ला परतले. परतीची तारीख ०६/१२/२०२४ अशी जायला हवी. सवयीनं १२/०६/२०२४ लिहिलं तर ती ६ डिसेंबर होते आणि सात महिन्यांचा मुक्काम कागदावर तेरा महिन्यांचा होऊन बसतो. तो एक वर्षाच्या पलीकडं गेला की सगळं गणितच बदलतं. म्हणून मी कच्च्या यादीत महिना नेहमी अक्षरांत लिहिते आणि आकडे फक्त शेवटी फॉर्मवर करते.

आता बाबांच्या लांबलेल्या मुक्कामाकडं. वरच्या तारखा धरल्या तर बाहेरचे दिवस होतात २१८. नियमाची चौकट अशी आहे: ५ वर्षांत निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेलं असावं, आणि वास्तव्य अखंड असावं. एकच फेरी ६ महिन्यांपेक्षा जास्त पण १ वर्षापेक्षा कमी झाली तर अखंडपणा तुटला असं गृहीत धरतात. तो तुटला नाही हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. १ वर्ष किंवा जास्त झालं तर तुटतोच.

पहिल्या अटीत बाबा बसतात. दर वर्षी ५ महिने गावी, म्हणजे पाच वर्षांत २५ महिने, त्यात या खेपेचे २ जास्त. ६० महिन्यांतले २७ बाहेर, ३३ आत. काठावर आहे, पण आहे. मात्र हे महिन्यांचं ढोबळ गणित झालं. खरा हिशेब दिवसांचा करा, कारण तीन महिन्यांची फट संपायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या अटीत बाबांना पुरावा द्यावा लागेल. लोक दवाखान्याची फाईल घेऊन जातात आणि तेवढ्यावर भागेल असं धरतात. हाड मोडलं हे कारण उपयोगी आहे, पण बघणाऱ्याला खरं तर हे बघायचं असतं की त्या काळात बाबांचं घर अमेरिकेतच होतं का. बायको-मुलं तिकडं होती का, त्यांची खोली, सामान, बँक खातं, आरोग्य विमा चालू होता का, त्या वर्षाचं आयकर विवरण त्यांनी रहिवासी म्हणून भरलं का, भारतात त्यांनी नोकरी धरली नाही ना. तुमच्या बाबांच्या बाजूनं चांगली गोष्ट म्हणजे आई मध्येच परत गेली. संसार तिकडंच होता, हे त्यातून दिसतं. परतीचं मूळ तिकीट ६ महिन्यांच्या आतलं असेल आणि अपघातानंतर ते बदललं असेल, तर तो ईमेल सोन्यासारखा जपा. माझ्या अनुभवात त्या एका कागदानं जे काम होतं ते पन्नास पानांच्या केसपेपरनं होत नाही, कारण माणूस वेळेत परत निघाला होता हे त्यात लिहिलेलं असतं. डॉक्टरांकडून 'अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास करू नये' असं इंग्रजीत लिहून घ्या, तारीख आणि सहीशिक्क्यासह.

पुष्कळांना वाटतं की जाण्याआधी री-एंट्री परमिट घेतलं होतं, म्हणजे काळजी नाही. तो कागद परत येताना ग्रीन कार्ड वाचवायला मदत करतो. नागरिकत्वासाठी लागणारं अखंड वास्तव्य तो राखत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

अधिकाऱ्यानं मान्य केलं नाही तर? तर परत आल्यापासून साधारण साडेचार वर्षं थांबावं लागतं, म्हणजे १२ जून २०२४ धरली तर डिसेंबर २०२८. भरलेली फी परत मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून ती कागदी अर्जाला ७६० डॉलर आणि ऑनलाइनला ७१० डॉलर आहे. बाबांच्या वयाला चार वर्षं ही साधी गोष्ट नाही, हे मला कळतं. म्हणून बाबांचा अर्ज टाकण्यापूर्वी तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला ही फाईल दाखवा. आईच्या अर्जाला बहुधा त्याची गरज पडणार नाही.

सगळं करूनही एखादी तारीख नाहीच मिळाली, तर जवळची तारीख लिहा आणि जादा माहितीच्या जागेत स्पष्ट लिहा की ही अंदाजे आहे आणि ती कशावरून काढली. 'अंदाजे चालेल का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. अंदाज चालतो, पण तो अंदाज आहे हे सांगून.

आमच्या सीमाभागातल्या कागदांबद्दल दोन गोष्टी. १९५६च्या आधी जन्मलेली माणसं घर न बदलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आणि १९७३ला कर्नाटकात गेली. गावाच्या जिल्ह्याचं नाव २०१४च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं. त्यामुळं एका पासपोर्टवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं स्पेलिंग दिसतं. यात लपवण्यासारखं काही नाही, विचारलं तर जिल्ह्याचं नाव सरकारनं बदललं एवढं सांगायचं. दुसरं, ग्रामपंचायतीचे दाखले इकडं कन्नडमध्ये, आणि चंदगड-गडहिंग्लजकडचे नातेवाईक असतील तर त्यांचे मराठीत. दोन्हींना पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं ते पूर्ण व अचूक असल्याचं आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं सहीनिशी लिहून द्यायचं असतं.

मुलाखतीची तयारी मात्र तुम्हालाच करून घ्यायची आहे. आई-बाबांना ग्रीन कार्ड मिळून २० किंवा १५ वर्षं झालेली नाहीत, त्यामुळं वयामुळं इंग्रजीच्या परीक्षेतून मिळणारी सूट त्यांना लागू होत नाही. फेऱ्यांबद्दलचे प्रश्न इंग्रजीतच येतील. माझ्याकडं येणाऱ्यांना मी एक मोठ्या अक्षरांचा कागद करायला सांगते: डावीकडं फॉर्मवरची तारीख, उजवीकडं मराठीत त्यांच्याच शब्दांत 'पुतण्याचं लग्न', 'हाड मोडलं ती खेप'. बाबांनी तो स्वतःच्या हातानं लिहावा. स्वतः लिहिलेलं माणसाला आठवतं. आणि अर्ज टाकल्यानंतर मुलाखतीपर्यंत ज्या फेऱ्या होतील त्याही त्याच कागदाखाली लिहीत चला, कारण अधिकारी त्यांच्याबद्दलही विचारतो. शक्यतो त्या काळात लांबची फेरी टाळाच.

गावच्या कपाटातला तो जुना पासपोर्ट, कोपरा कापलेला म्हणून कुणी रद्दीत टाकायच्या आत काढून ठेवायला सांगा. आजच कुणाला तरी त्याच्या प्रत्येक पानाचे, दोन्ही कव्हरांसकट फोटो काढून पाठवायला सांगा. मूळ पासपोर्ट कुरियरनं पाठवू नका, गावाकडून तिकडं येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातून मागवा. मुलाखतीला जुने-नवे सगळे मूळ पासपोर्ट बरोबर लागतात. फोटो हातात आले आणि एखादा शिक्का लागत नसेल, तर मला तो महिना आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं एवढं कळवा.